जुन्या लुगड्याची झबली

आईचं दुकान बंद पडलं तेव्हा ती भिजवलेले वाल सोलत होती. दुकान म्हणजे फोनमधलं. त्याला शटर नाही, पाटी नाही, गल्ला नाही. फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवलेला होता, तो वाजला. आईने ओला हात पदराला पुसला, स्क्रीनकडे बघितलं आणि मला हाक मारली, "बाय, बघ गो, काय म्हणतंय हे."

लाल पट्टी आली होती. तुमचं खातं थांबवण्यात आलं आहे. कारण, वापरलेला माल नवा म्हणून विकणे.

मी मोठ्याने वाचलं. आई म्हणाली, "पण आपण तर सांगितलेलं." आणि परत वाल सोलायला लागली. हातातला वाल सालासकट पातेल्यात गेला, तो तिने शोधून बाहेर काढला नाही. आई असं कधी करत नाही.

त्या दुकानाआधी आई उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, जीन्सच्या कारखान्यात धागे कापायची. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट खोली. शिवून आलेल्या जीन्सना धाग्यांची टोकं लोंबत असतात. बायका खाली बसून छोट्या कात्रीने ती टोकं कापतात आणि जीन्सचे ढीग लावतात. दिवसभर निळी धूळ उडते. बदलापूरला हेंद्रेपाड्यात घरी आली की आई आधी मोरीत नाक शिंकरायची, तर पाणी निळं. रुमाल निळा. पुढे तिला धाप लागायला लागली. जिना चढताना मध्येच थांबायची आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंशी उगाच बोलत उभी राहायची, म्हणजे थांबल्याचं कुणाला कळू नये. डॉक्टरांनी छातीला नळी लावून सरळ सांगितलं, परत त्या धुळीत बसलात तर माझ्याकडे येऊ नका.

मी ज्या संघटनेत काम करते तिने कारखान्याच्या गल्लीत पत्रकं वाटली होती. मास्क द्या, पंखा बाहेरच्या बाजूने लावा, बायकांसाठी संडास बांधा. पत्रक मीच लिहिलं होतं. पंखा लागला. त्याचं तोंड मालकाच्या केबिनकडे होतं.

तर आईने तो कारखाना सोडला आणि झबली शिवायला घेतली. बाबा अंबरनाथला एमआयडीसीत कंत्राटावर, काम आज आहे आणि उद्या नाही. दुकान चाललं नाही तर आईला परत धुळीत जाऊन बसावं लागणार, एवढी सरळ गोष्ट होती. ती आम्ही कधी बोलून दाखवली नाही.

सुरुवात माझ्या मावसबहिणीच्या बाळंतपणात झाली. ती शिरगावला नव्या टॉवरमध्ये राहते. आईने तिच्या बाळासाठी झबली, टोपडी, लंगोट, दुपटं असं सगळं शिवून नेलं. बहिणीने फोटो स्टेटसला ठेवला आणि तिच्या बिल्डिंगमधल्या पोटुशा बायका विचारायला लागल्या. मग मी ॲपवर खातं काढून दिलं. गच्चीवर पांढरी चादर अंथरून झबल्यांचे फोटो मीच काढायचे, आणि आई मागून ओरडायची, "सावली पडली तुझी! बाजूला हो, एवढी काय तू दिसायला पाहिजेस त्यात?"

आमच्याकडे बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नाहीत. नव्या कापडात खळ असते, ते ताठ असतं, कोवळ्या कातडीला टोचतं. जुनं सुती लुगडं नेसून, धुऊन, वाळवून इतकं मऊ होतं की हातात घेतलं तरी कळत नाही. पण कुणाचंही जुनं चालत नाही. जिची लेकरं जगली आणि वाढली, अशा बाईचं लागतं. यावर माझं आणि आईचं भांडण झालेलं आहे.

"मूल नसलेल्या बाईच्या लुगड्याला काय काटे असतात का?" मी म्हटलं होतं.

"तुझं भाषण तुझ्या संघटनेत कर. इथं सुईत दोरा ओव."

मी ओवला. माझं म्हणणं मी मागे घेतलेलं नाही.

कापड मिळायचं एका म्हातारीकडून. ती बारवीकडच्या एका पाड्यावरून बदलापूरच्या बाजारात यायची आणि स्टेशनच्या पुलाच्या जिन्याखाली फडकं पसरून बसायची. पावसाळ्यात शेवळं, टाकळा अशा रानभाज्या, एरवी करवंदं, आवळे, जे असेल ते. गुडघ्यापर्यंत सुती लुगडं. हल्ली अंगावर खरं सूत असलेली बाई शोधूनही सापडत नाही, सगळ्यांचं चकचकीत आणि घाम न शोषणारं. आई तिला नवं लुगडं द्यायची आणि जुनं घ्यायची. म्हातारीच्या सुना आणि जावा पण द्यायला लागल्या. पण म्हातारीला फक्त नवं लुगडं पुरायचं नाही. तिला हिशेब हवा असायचा, वेगळाच.

"माजा लुगडा कुठं गेला गं? कोणच्या पोराला?"

आई पार्सलवरचा पत्ता लक्षात ठेवायची. "नाशिकला गेलं आजी. मुलगा झाला."

"आणि त्यो हिरव्या काठाचा?"

"सोलापूरला. जुळी आहेत तिथं."

"जुळी!" म्हातारी शेजारच्या भाजीवालीला कोपर मारायची. "आयकलास? मी कल्याणच्या पुढं गेलीं नाय, न् माजा लुगडा सोलापुरात मुततोय."

भाजीवालीला हसून डोळ्यांत पाणी यायचं. म्हातारी मात्र गंभीर व्हायची आणि विचारायची, "पोरां बरी हात ना?" आई म्हणायची, बरी आहेत. गिऱ्हाइकं ॲपवर अभिप्रायात बाळांचे फोटो टाकायची, त्यामुळे आईला माहीत असायचं. ते फोटो ती म्हातारीला दाखवायची, आणि म्हातारी फोन डोळ्याला लावून बाळाकडे कमी आणि काठाकडे जास्त बघायची.

ॲपवर लहान बाळांच्या कपड्यांसाठी एकच रकाना आहे, 'नवीन'. दुसरा रकानाच नाही. कपडे नव्याने शिवलेले, कापड जुनं, हे सांगायला जागा फक्त खालच्या वर्णनात. मी म्हटलं, "'पारंपरिक मऊ सुती' असं लिहूया." आईने ते उडवून लावलं.

"जुनं आहे ते जुनंच सांगायचं. चोरीचं आहे का लपवायला?"

तिने सांगितलं आणि मी जसंच्या तसं लिहिलं. हे कापड जुनं आहे. एका आजीने नेसून आणि धुऊन मऊ केलेलं आहे. तिची लेकरं-नातवंडं सुखरूप आहेत. बाळाला टोचणार नाही.

माझ्या कुठल्याही पत्रकात इतकी सरळ चार वाक्यं सलग आलेली नाहीत. आणि ज्या गिऱ्हाइकांना हे कळायचं त्यांना कळायचं. एकीने लिहिलं होतं की तिची आई गेली, आता हे सगळं करणारं कुणी नाही, पार्सल उघडून रडले. आईने तो अभिप्राय माझ्याकडून परत परत वाचून घेतला.

मग एका बाईने ते वर्णन वाचलं नाही. तिने झबल्याचा फोटो टाकला आणि काखेजवळच्या रफूभोवती लाल गोल काढला. माझ्या तान्ह्या बाळाला कुणाच्या तरी अंगावरचं फडकं पाठवलं, असं लिहिलं. शी, असंही लिहिलं. तिने माल परत केला, ॲपने खातं थांबवलं. माणसाने थांबवलं असतं तर त्याने वर्णन तरी वाचलं असतं. त्या बाईवर माझा राग आहे आणि तो मला लपवायचा नाही. पण ती निदान बाई होती, तिचं बाळ होतं, तिला काळजी होती. ज्याने खातं थांबवलं त्याला काहीच नव्हतं.

मी तक्रार लिहिली. ॲपमधल्या मदतीच्या खिडकीत. सुरुवातीला सभ्यपणे. उत्तर आलं, तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. मी वर्णनाचा फोटो पाठवला. तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. मग मात्र मी माझ्या पद्धतीने लिहिलं. कष्टकरी बाईच्या पोटावर पाय देणाऱ्या या मनमानीचा जाहीर निषेध, वगैरे, तीन उद्गारचिन्हं देऊन. तुमची गैरसोय आम्ही समजू शकतो. शेवटी मी शिवी घातली. तिचीही गैरसोय त्यांनी समजून घेतली.

आंदोलन करायचं तर एक गेट लागतं, हे आम्ही सगळ्यात आधी शिकतो. कंपनीचं गेट, तहसीलची पायरी, नगरपालिकेचा जिना. तिथे बसता येतं. आत जाणाऱ्याला तुमच्या अंगावरून जावं लागतं. या दुकानाचं गेट कुठे होतं? मी शोधत शोधत शिरगावच्या पुढच्या पार्सल गोदामात गेले, कारण आईची पार्सलं तिथून पुढे जायची. पत्र्याची शेड, आत पोत्यांचे डोंगर, आणि हातात स्कॅनर घेऊन एक पन्नाशीचे गृहस्थ. पूर्वी अंबरनाथच्या एका कंपनीत फिटर होते, ती बंद पडली.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मध्ये मध्ये पार्सलांवर पिक-पिक करत.

"साहेब कोण तुमचे?" मी विचारलं.

त्यांनी खिशातला फोन काढून दाखवला. "हे. सकाळी हेच सांगतं किती उचलायचे. कमी झाले तर हेच दम देतं."

"पण माणूस कुणी?"

"ताई, मी पण शोधतोय. दिवाळीच्या आधीपासून." ते हसले. "तुम्हाला घोषणा द्यायच्या असतील तर द्या बिनधास्त. दुपारचा लय कंटाळा येतो. पण या मशीनला ऐकू येत नाय, आधीच सांगतो."

मी घोषणा दिल्या नाहीत. बाहेर पडले तर मागून त्यांनी हाक मारली. "झबलीवाल्या मावशी ना? त्यांचं पार्सल हलकं असायचं. मी ते कायम वर ठेवायचो, दबू नये म्हणून." मला त्या क्षणी त्यांचाही राग आला. अशी माणसं सगळीकडे असतात आणि त्यांच्या हातात काहीच नसतं.

इकडे कारखान्याच्या सुपरवायझरचा फोन आला, कामावर परत या म्हणून. त्याला कुणी सांगितलं माहीत नाही, अशा बातम्या सुपरवायझरांना वासाने कळतात. आई "बघते" म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर तिने शिवणाच्या डब्याच्या तळातून धागे कापायची कात्री काढून तेल लावून ठेवली होती. मी ती उचलून परत डब्यात टाकली. जेवताना बघितलं तर कात्री परत वर.

"तू तिथं जाणार नाहीस," मी म्हटलं.

"मग तुझं पत्रक शिजवून खायचं का?"

त्याच आठवड्यात ॲपवर एक बटण आलं. मी वापरलेला माल नवा म्हणून विकला हे मला मान्य आहे आणि पुन्हा असं करणार नाही. त्याखाली, स्वीकार. बटण दाबलं की खातं परत चालू.

मी आईला म्हटलं, हे दाबायचं नाही. हा माफीनामा आहे. आपण गुन्हा केलेला नाही. कारखान्यात तुमच्याकडून कोऱ्या कागदावर सह्या घ्यायचे, त्याविरुद्ध आपण भांडलो, आणि आता तू घरात बसून अंगठा देणार? मी बरंच बोलले. आवाज चढला. खालच्या काकूंनी पंखा बंद करून ऐकलं असणार.

आईने माझं होऊ दिलं. मग म्हणाली, "झालं?" आणि बटण दाबलं. कूकरची शिट्टी बंद करावी तसं.

"आई!"

"अगो, माफी मागायला समोर कोण आहे तिथं? तूच म्हणालीस ना, कोणी नाय म्हणून." ती उठली. "जिथं कोणीच नाय तिथं मान खाली घातली तर कुठं खाली गेली?"

ते म्हणणं बरोबर आहे असं मला अजूनही वाटत नाही.

खातं सुरू झालं. पण आता नवंच कापड वापरायचं होतं. आम्ही दोघी कॅम्प चारला गेलो, ज्या गल्लीत आई धागे कापायची तिच्या पलीकडच्या गल्लीत. कापडवाले शेठ आईला ओळखायचे, अस्तराचं कापड ती त्यांच्याकडूनच घ्यायची. त्यांनी मलमलचा तागा फडकन उघडला.

"देखो भाभी, एकदम मख्खन. पुराना-बुराना का लफडाच खतम. नया माल, नया बिल, कोण काय बोलणार?"

आईने कापड गालाला लावून बघितलं. "टोचतं शेठ."

"अरे साईं, बच्चे को टोचेगा, ॲप को नहीं टोचेगा! धंदा कुणाशी करताय तुम्ही?"

आई हसली नाही. आम्ही तागा घेतला.

घरी आणून आईने ते कापड धुतलं. वाळवलं, परत धुतलं. सोडा घातला, रिठे घातले, गच्चीवर उन्हात टाकलं, हाताने चोळून चोळून तिची बोटं पांढरी पडली. कापड हळूहळू मऊ झालं. लुगड्यासारखं नाही, पण जवळपास. तिने झबली शिवली, पाठवली. मला वाटलं, जमलं. आणि मग अभिप्राय यायला लागले. कपडा चुरगळलेला आहे. धुतलेला वाटतो. नवीन वाटत नाही. त्यातल्या एकीने परत केला.

आई बराच वेळ त्या परत आलेल्या झबल्याला इस्त्री करत बसली. मग तिने स्वयंपाकघरात जाऊन भाताची पेज गाळली.

"काय करतेस?"

"खळ."

तिने झबली पेजेत बुडवली. पिळली, झटकली, दोरीवर घातली. वाळल्यावर ती कागदासारखी ताठ झाली. इस्त्रीखाली चकाकली. घडी घातली की कोपरे टोकदार. आईने एक बाही बोटांत धरून मोडली, ती कट्ट वाजली. "आता नवं दिसतं," ती म्हणाली. "घरी नेऊन धुतील. धुवा म्हणून लिही खाली."

मी लिहिलं. वर्णन कुणी वाचत नाही हे आम्हाला दोघींना माहीत होतं.

तेव्हापासून असंच चाललंय. आधी मऊ करायचं, मग ताठ करायचं. तारे मिळतात, पूर्वीपेक्षा जास्त. क्वालिटी मस्त, पॅकिंग मस्त, एकदम नवीन. बाळांचे फोटो आता फारसे येत नाहीत, घडी घातलेल्या झबल्यांच्या पाकिटांचे येतात. आईची धाप वाढलेली नाही, कात्री डब्यात तळाशी आहे, हे मी स्वतःला अधूनमधून सांगते. संघटनेतल्या बायकांना मी हा किस्सा सांगितला तेव्हा एकजण म्हणाली, मग जिंकलात ना? मी तिच्याशी वाद घातला आणि नंतर कशासाठी घातला ते मलाच सांगता येईना.

म्हातारीची लुगडी माळ्यावर गाठोड्यात आहेत. शेवटचं तिने दिलं ते दुकान बंद पडायच्या आदल्या बाजारी, निळं, बारीक पांढऱ्या काठाचं. आईने ते कापलंही नव्हतं. आईने बरेच दिवस पुलाच्या जिन्याकडे जायचं टाळलं, भाजी दुसरीकडून आणली. पण बदलापूर केवढं? परवा मी आणि आई पश्चिमेला उतरलो तर म्हातारी समोरच, टाकळ्याच्या जुड्या मांडून.

"ये गं, कुठं गेली होतीस? आजारी होतीस?" तिने आईचा हात धरून खाली बसवलं. भाजीवालीने सरकून जागा करून दिली. इकडचं तिकडचं झालं. मग तिने विचारलंच.

"माजा निळा लुगडा कुठं गेला गं?"

मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती सांगेल. जुनं आहे ते जुनंच सांगायचं, असं म्हणणारी बाई. मी सांगायला तयार होते, सगळं, ॲप, लाल गोल, बटण, शी लिहिणारी बाई. माझ्या तोंडात वाक्यं तयार होती, मला सवय आहे.

"पुण्याला," आई म्हणाली.

"पुण्याला!" म्हातारीने भाजीवालीकडे बघितलं. "पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"बरी हाय ना?"

"बरी आहे."

"फोटू दाखीव."

आईने फोन काढला. स्क्रीनवर बोट फिरवत राहिली, वर, खाली. पाकिटांचे फोटो सरकत गेले. म्हातारी मान वाकवून वाट बघत होती. मग आईने फोन बंद करून पिशवीत टाकला आणि म्हणाली, "नेट नाय आजी इथं. पुढच्या बाजारी दाखवते."

"दाखीव," म्हातारी म्हणाली, आणि आईच्या पिशवीत टाकळ्याची एक जुडी जास्तीची घातली. "पोरगी झाली ना. घे."